पायाळूच्या घरची उसण

मी उलटी जन्मले. डोकं आधी यायचं ते सोडून माझे पाय आधी आले. आईला फार सोसावं लागलं, सुईणीने तर आशाच सोडली होती म्हणतात. पण मी आले आणि आल्या आल्या गावात माझी वट झाली. आमच्या भंडाऱ्याकडे अशा माणसाला पायाळू म्हणतात. कमरेत उसण भरली की पायाळूची लाथ हाच इलाज, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. दुखणाऱ्याने पालथं पडायचं, पायाळूने डाव्या पायाने त्याच्या कमरेवर हलकेच लाथ मारायची. मग त्याने उठायचं आणि मागे वळून न पाहता, कशावरही न बसता, पायी घरी जायचं. एवढंच. शाळेत मला कोणी ढ म्हटलं की मी म्हणायचे, ये तू कधीतरी उसण घेऊन, मग बघते तुला.

लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा आजची भिलाई नव्हती. जिकडे पाहावं तिकडे खोदलेली लाल माती, नव्या पोलाद कारखान्याचे अर्धवट उभे लोखंडी सांगाडे आणि धूळ उडवत पळणारे ट्रक. आम्ही रुआबांध्याला राहत होतो, एका छत्तीसगढी शेतकऱ्याच्या घरामागच्या दोन कौलारू खोल्यांत भाड्याने. घरात तिघंच माणसं: नवरा, सासूबाई आणि मी. नवऱ्याचं नाव मी तेव्हाही घेत नव्हते आणि आता म्हातारपणी घेतलं तर तोंडात अडखळेल, म्हणून इथेही त्यांना 'हे'च म्हणते. हे एका ठेकेदाराकडे कामाला होते, जड गर्डर साखळीने ओढून वर चढवणाऱ्या टोळीत.

माझ्या पायांची जाहिरात सासूबाईंनी केली. विहिरीवर पाण्याला गेल्या की कोणाची ना कोणाची कंबर धरलेली असायचीच. सगळी भिलाई तेव्हा काहीतरी उचलत होती. डोक्यावरून मातीची टोपली वाहणाऱ्या रेजा, सिमेंटच्या गोण्या उतरवणारे हमाल, दिवसभर वाकून सळ्या बांधणारे. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या सुनेकडे या. पायाळू हाय थे." आणि लोक यायचे. तेलुगू यायचे, बंगाली यायचे, एक दाढीवाले सरदारजी तर आमच्या दारात मावत नव्हते. घरमालकीणबाई पहिल्यांदा आल्या त्या कमरेवर हात ठेवून, "बहू, कनिहा पिरावत हे," असं कण्हत. मला कनिहा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण हात कुठे आहे ते दिसत होतं. भारतातल्या बहुतेक प्रांतांच्या पाठींना माझा पाय लागला आहे, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. बरे झाले की ते वांगी, मुरमुरे, कधी मूठभर चारोळ्या आणून देत. माहेरून मी दोन लुगडी आणि एक पितळी तांब्या एवढंच आणलं होतं. पण उलटं जन्मण्याचं भाग्य आणलं होतं, आणि त्या घरात माझा मान होता तो त्याचाच.

त्या हिवाळ्यात साखळी ओढताना यांच्या कमरेत लचक भरली.

आता यात हसण्यासारखं काय होतं ते सांगते. सगळ्या वस्तीची उसण काढणारी बाई घरात, आणि घरच्याच माणसाला तिचा काही उपयोग नाही! बायकोचा पाय नवऱ्याच्या अंगाला लागणं म्हणजे पाप. चुकून लागला तरी लगेच वाकून नमस्कार करायचा. लाथ मारायची तर गोष्टच सोडा. मी एकदा नुसतं भीतभीत विचारलं, "आत्याबाई, मी लावू का पाय?" तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "काय बोलून राह्यली पोरी! नवरा हाय तो तुया."

हसणं एवढ्यावरच संपत होतं. कारखाना तेव्हा ठेकेदारांकडच्या लोकांमधून आपली पक्की माणसं निवडत होता आणि यांची निवड झाली होती. राहिलं होतं ते मेडिकल, होळीनंतर. पास झाले तर कायमची नोकरी, सेक्टरमध्ये क्वार्टर, घरात नळ, डोक्यावर बिजलीचा दिवा. नापास झाले तर ठेकेदाराचं काम आटोपताच बाडबिस्तरा बांधून परत गाव, थोरल्या दिरांच्या शेतावर, त्यांनी वाढलं तेवढं गिळायचं. हे त्या घरातून का निघाले होते ते मला माहीत होतं. परत जावं लागलं असतं तर हे वाकले असते, पण कमरेतून नाही, मनातून. म्हणून पाठ दुखते हे कारखान्यात कोणाला कळू द्यायचं नाही असं आमच्यात ठरलं. टोळीतल्या सोबत्यांना तेवढं ठाऊक होतं. ते यांना ओढायला लावत नसत, हाताने क्रेनवाल्याला खुणा करायचं काम देत.

दिवसा चालून जायचं. छळायची ती रात्र. जेवून पाठ टेकली की तासाभरात दुखणं जागं व्हायचं. कूस बदलायची तर दात-ओठ खाऊन, आणि उठायचं म्हटलं की आम्ही दोघी दोन बाजूंनी. सकाळी चपला घालायलाही वाकता यायचं नाही. सासूबाईंनी जमेल ते सगळं केलं. लसूण-ओवा जाळलेलं तेल चोळलं, निरगुडीचा पाला बांधला, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकलं. शेकल्यावर घटकाभर बरं वाटायचं. स्वतःची बाजही त्यांनी मुलाला दिली, कारण ती गावाहून आणलेली, अंबाडीच्या दोरीची, मऊ. आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे आराम. कामावरून आले की लगेच आडवं व्हायचं, पाणीसुद्धा हातात द्यायचं, हलायचं नाही. सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर बाजेवर. आणि मजा अशी की सुट्टीची रात्र सगळ्यात वाईट जायची. मला वाटायचं, माझं नशीबच मेलं उलटं.

मग सासूबाईंना शोध लागला की उतई नावाच्या गावात एक म्हातारी पायाळू आहे. आमच्या घरमालकांची बैलगाडी तिकडे जाणारच होती. गाडीत पेंढा घातला, त्यावर गोधडी, त्यावर हे; सासूबाई एका बाजूला, मी दुसऱ्या. रस्ता असा की धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी व्हावीत. यांनी माझं मनगट असं आवळून धरलं होतं की दोन दिवस वळ राहिला.

म्हातारी दारातच बसलेली होती, आणि उठली ती कमरेवर हात ठेवून, आई गं करत! मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी दुसरीकडे. पण म्हातारी मोठी करारी होती. यांना पालथं पाडलं, लाथ मारली आणि हुकूम सोडला: आता पायी घरी जायचं. गाडीत बसलात तर गुण गेला.

"अवो, लई दूर हाय," सासूबाई म्हणाल्या.

"त मैं का करौं?" म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

आलो मग पायी. पहिल्या मैलाला यांच्या कपाळावर घाम होता. सासूबाई देवाचं नाव घेत होत्या, मी मनात म्हातारीच्या नावाने बोटं मोडत होते. कुठे झाडाला टेकून उभे राहायचे, पुन्हा निघायचे. बसायची तर बंदीच होती. पण वाटेतल्या रिसाली गावाच्या अलीकडे माझ्या लक्षात आलं की मी मागे पडते आहे. हे पुढे चालले होते, दोन्ही हात मोकळे सोडून. घरी पोहोचल्यावर यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि त्या रात्री झोपले. म्हणजे खरंच झोपले, घोरण्यासकट.

सासूबाईंनी सकाळी उठून उतईच्या दिशेने हात जोडले. माझ्या मनात मात्र किडा वळवळू लागला. मी काही शहाणी नव्हते, पण हट्टी होते, आणि दुसरी कोणी पायाळू माझ्यापेक्षा सरस निघावी हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. तिच्या पायात असं काय होतं जे माझ्यात नाही? मी माझे सगळे रोगी आठवून पाहिले. मजुरांच्या कॅम्पपासून लांबून चालत येणाऱ्या रेजा एकदा येऊन गेल्या की पुन्हा दिसायच्या नाहीत, बऱ्या व्हायच्या. ते सरदारजी मात्र दर आठ दिवसांनी हजर. आणि सरदारजी यायचे ट्रकने, जायचे ट्रकने. मी कितीदा सांगितलं, पायी जा. ते हसायचे आणि स्टेअरिंगवर बसायचे.

चालण्यानेच गुण येतो हे कळलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. मी चुलीपाशी बसून रडले. पायात काही नव्हतंच तर माझ्यापाशी होतं तरी काय?

पण दोनतीन दिवसांत यांचं पहिले पाढे पंचावन्न सुरू झालं, आणि सासूबाई पुन्हा उतईची गाडी ठरवू लागल्या. तेव्हा मी ठरवलं, आता जाणत्या माणसाला विचारायचं. यांना दवाखान्यात नेता येत नव्हतं. मेडिकलच्या तोंडावर कागदावर दुखणं चढलं असतं. म्हणून मीच गेले, शेजारणीला सोबत घेऊन, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, माझी पाठ रात्री दुखते.

बाई तरुण होत्या, नागपूरकडच्या. त्यांनी मला पालथं निजवलं. "इथे दुखतं?" मी म्हटलं, हो. "इथे?" हो. "आणि इथे?" हो. त्या थांबल्या. म्हणाल्या, "बाई, तुमची पाठ अगदी ठणठणीत आहे. ज्यांची दुखते त्यांना का नाही आणलं?"

मी उठून बसले आणि सगळं सांगून टाकलं. मेडिकल, बाज, उतई, माझे पाय, सरदारजी. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी आहे. त्यांनी आधी विचारलं, यांच्या पायाला मुंग्या येतात का, पाय बधिर पडतो का, लघवीला काही अडचण? तसं काही नव्हतं. "तसं झालं तर मात्र मेडिकल-बिडिकल बाजूला ठेवून लगेच घेऊन यायचं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "झोपतात कशावर?"

बाजेवर म्हटल्यावर त्यांनी हाताने हवेत झोळीचा आकार काढून दाखवला. "अशी?" अगदी तश्शी. लहान मूल झोळीत झोपतं तसा माणूस रात्रभर मुडपलेला, म्हणाल्या, आणि वर दिवसभर निजवून ठेवता. पाठ आखडणार नाही तर काय होईल? कडक फळीवर पातळ गादी घाला. कुशीवर झोपले तर दोन गुडघ्यांमध्ये उशी, उताणे झोपले तर गुडघ्यांखाली. उठताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत उठायचं. ओझं नाही, पण चालायचं, रोज. "ते तुम्ही शोधून काढलंच आहे," असं वर म्हणाल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "आणि आज मी फक्त तुमची पाठ तपासली, बरं का."

फळी मिळायला त्रास पडला नाही. परदेशातून यंत्रं यायची ती जाड लाकडी पेट्यांतून, आणि ते लाकूड सरपणाच्या भावाने विकलं जायचं. मी दोन रुंद फळ्या आणल्या. त्यांच्यावर काळ्या रशियन अक्षरांत काहीतरी छापलं होतं. हे म्हणायचे, "रशियाच्या छातीवर झोपून राह्यलो मी." उशी एकच होती, म्हणून माझं जुनं लुगडं घडी घालून गुडघ्यांत द्यायला ठेवलं. पहिली रात्र कुरकुर करण्यात गेली. आठवड्याभरात कूस बदलताना यांना कोणाला हाक मारावी लागेनाशी झाली. कधी रात्री मला जाग यायची ती नेहमीच्या सवयीने, आणि ऐकत पडायचे, तर यांचा श्वास एकसारखा चाललेला असायचा. मग मला पुन्हा झोप लागेपर्यंत फार सुख वाटायचं.

फळीला सासूबाईंची ना नव्हती. चालण्यावरून मात्र खटके उडाले.

"दिवसभर खपून येते पोरगा, आन तू त्याले वेशीबाहेर फिरवून राह्यली! कावून?"

"डॉक्टरीणबाईनं सांगतलं आत्याबाई."

"मंग तुया पायाचं काय? लोक काय खोटेच येतात का? देवानं देल्लं ते कावून टाकून राह्यली?"

मी एवढंच म्हटलं की मी काही टाकत नाही, मी यांना क्वार्टरमध्ये नेऊन राहिले.

नवरा-बायकोने काही कामाशिवाय संध्याकाळी रस्त्याने फिरायचं, हे तेव्हाच्या रुआबांध्यात कुणी पाहिलं नव्हतं. निमित्त हवं होतं. मी रिसालीहून दूध आणायचं काढलं. हातात तांब्या, हे दोन पावलं पुढे, मी मागे. आमच्या मालकांच्या गोठ्यात तीन म्हशी असताना भाडेकरू रोज रिसालीला दुधाला जातात, हे पाहून मालकीणबाई आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. मग एके दिवशी त्यांनीच सासूबाईंना गाठून विचारलं, आमच्या दुधात काय वाईट आहे? सासूबाई म्हणाल्या, "दुधात काई नाई वो. सुनेचं डोस्कं फिरलं हाय."

त्या रस्त्यावर मला नवरा भेटला, असंच म्हणावं लागेल. घरात सासूसमोर आम्ही कामापुरतं बोलत होतो. रस्त्याने हे बोलू लागले. उंचावर चढलेला गर्डर खालून कसा काडीएवढा दिसतो, एकदा पाऊल सरकलं तेव्हा साखळी धरून कसे वाचले, गावात दिरांनी काय म्हणून घालवून दिलं होतं. एकदा म्हणाले, "मेडिकलमंदी फेल झालो तं?" मी म्हटलं, "तं आपुन अजून कुठं चालत जाऊ. आता तं येते तुमाले चालता." हे मोठ्याने हसले, आणि हसताना यांनी कमरेला हात लावला नाही, ते मी पाहून ठेवलं.

उसण घेऊन लोक येतच राहिले. मी त्यांना परत पाठवलं नाही. पाय लावायचे, आणि मग डॉक्टरीणबाईंनी शिकवलेलं सगळं सांगायचे: झोळी झालेली बाज, गुडघ्यांतली उशी, कुशीवर वळून उठणं. आणि पायी जायचं हे तर असं दटावून सांगायचे की सरदारजींनीसुद्धा एकदा ट्रक वेशीवर उभा केला. सासूबाई दाराआडून ऐकायच्या.

होळी झाली. मेडिकलच्या दिवशी हे पहाटेच निघाले. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि उंबऱ्यात येऊन बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मी भाजी चिरली, ती करपवली, दुसरी चिरली. आत बोलावून काय करतात, कुठे दाबून पाहतात, मला काही माहीत नव्हतं. गावचं घर डोळ्यांसमोर येत होतं, आणि त्या घरात खाली मान घालून जेवायला बसलेले हे. ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी पत्ता नाही. सासूबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

आले ते चालत. दुरूनच मला त्यांची चाल दिसली आणि मी समजले. दारात येऊन म्हणाले, "माय, झालं. पास झालो."

सासूबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. आनंद झाला की त्या बाई अशाच कठोर व्हायच्या. "मले वाकून दाखव," म्हणाल्या.

हे वाकले. कितीतरी महिन्यांनी पुरते वाकून यांनी आईच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, वरपासून खालपर्यंत, पुन्हा वरपासून. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आता तिच्या पाया पड."

मला वाटलं जमीन फाटावी. "आत्याबाई, काहीतरीच काय!" मी म्हटलं.

"कावून? सारी दुनिया पडते तिच्या पायाशी. तुया कमरेसाठी वनवन फिरली थे."

हे उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. त्या काळच्या पुरुषाला हे काय सोपं होतं? मग घसा खाकरून, जसं काही माझ्याशी नव्हेच, म्हणाले, "माय, तिथं मले डाक्टरनं कसं वाकवलं, दाखवू का तुले?" आणि माझ्यासमोर येऊन, गुडघे ताठ ठेवून खाली वाकले. दोन्ही तळहात जमिनीवर टेकले, माझ्या पायाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर, आणि दाखवायला लागतो त्यापेक्षा बराच वेळ तसेच राहिले.

सासूबाई उठल्या आणि पाणी प्यायला आत गेल्या. मी पाय मागे घेतले नाहीत.